पॅकिंग बदललं तरी कपलरमध्ये तेल कुठून येतं?

तुमचा प्रश्न असा : टॅपेट कव्हरचं (इंजिनच्या वरच्या झाकणाचं) पॅकिंग नवं बसवलं, इंजिन धुतलं, तरी महिन्याभरात सेन्सरचा कपलर (वायर जोडायचा प्लास्टिकचा सॉकेट) पुन्हा तेलकट, आता कुठे शोधायचं? फोंड्याला वीसेक वर्षं गाड्यांचं वायरिंग करतोय, त्यावरून सांगतो.

आधी कपलर काढून बघा, तेल बाहेरून लागलंय की आतून आलंय. बाहेर चिकट आणि आतल्या पिना कोरड्या असतील, तर वरून ठिबकतंय. पॅकिंग, स्पार्क प्लग ज्या खोल भोकात बसतो त्याची सीलं, नाहीतर ऑइल ओतताना सांडलेलं. (हे शेवटचं आमच्या धंद्यातलेच लोक करतात, फडकं मारायचाही कंटाळा.) ब्रीदर, म्हणजे इंजिनातली वाफ बाहेर सोडणारी वाट, तुंबला असेल तर इंजिनच्या पोटातला दाब वाढतो आणि नवं पॅकिंगही पाझरायला लागतं. पॅकिंग बदलताना तो कोणी तपासला का, विचारा.

पिनाच तेलात बुडालेल्या असतील, तर गळका आहे तो सेन्सर स्वतः. ऑइल स्विचचंच घ्या, म्हणजे तेलाचा दाब कमी झाला की डॅशबोर्डवरचा दिवा लावतो तो. आत एक पातळ पडदा असतो. एका बाजूला तेल, दुसऱ्या बाजूला विजेचा संपर्क. चालत्या इंजिनात तेलाचा दाब साधारण 2 ते 4 बार. पडदा फाटला की तेल सरळ पिनेवाटे कपलरमध्ये. कॅम सेन्सर (कॅमशाफ्टची स्थिती सांगणारा) आणि व्हीव्हीटीच्या (व्हॉल्व्हच्या उघडझापीची वेळ बदलणाऱ्या यंत्रणेच्या) सोलेनॉइडचं, म्हणजे विजेवर चालणाऱ्या व्हॉल्व्हचं, सील गेलं तरी तसंच.

आणि ते तिथे थांबत नाही. वायरीत तांब्याच्या बारीक तारा असतात, त्यांच्या फटींतून तेल समईच्या वातीसारखं चढतं. गेल्या चवथीच्या आधी एक गाडी आली होती, ऑइलचा दिवा मधूनच लागायचा. स्विचपासून वीतभर वर मी वायर कापली, चिमटीत दाबली, तर कापलेल्या तोंडावर तेलाचा थेंब उभा राहिला. बाहेरून वायर कोरडी ठणठणीत! कॅम सेन्सरच्या वायरीतून तर ते पार ईसीएमच्या (इंजिन सांभाळणाऱ्या कॉम्प्युटरच्या) कपलरपर्यंत पोचलेलं पाहिलंय.

तेलाने शॉर्ट होतं असं लोक म्हणतात, पण तेलातून वीज जात नाही. ते रबरी सीलं फुगवतं, मग पावसाचं पाणी आत शिरतं. आपल्याकडे जून ते सप्टेंबर काय पडतो ते तुम्हाला ठाऊकच आहे, वर समुद्राची खारी हवा. पिना हिरव्या पडतात, सिग्नल तुटतो, गाडी मिसिंग करते.

तेव्हा नुसता कपलर पुसून चालणार नाही, सेन्सर बदला. स्विच काही शे रुपयांत येतो. कपलर कॉन्टॅक्ट क्लीनरनेच धुवा, पेट्रोलने नको, आणि त्याआधी बॅटरीची मायनस काढा. तेल चढलेला वायरीचा तुकडा कापून नवा जोडा. जोड डाग देऊन (सोल्डर करून) पक्का भरलात तर तोच पुढे तेल अडवतो. मग ईसीएमचा कपलर एकदा उघडून बघा. तिथे तेल दिसलं, तर गाडी चालू न करता इलेक्ट्रिशियनला घरी बोलवा.