झाकून ठेवलेले पोहे

मावशी,
माझा मुलगा १५ वर्षांचा, यंदा दहावीत. मी डोंबिवलीहून सात-पाचची लोकल पकडते, म्हणजे पावणेसातला घर सोडते. त्याचे बाबा नोकरीसाठी बाहेरगावी, शनिवार-रविवार येतात. मुलाचा क्लास साडेआठला, उठतो साडेसातला. मी साडेपाचला उठून डबे करते आणि त्याच्यासाठी पोहे नाहीतर उपमा करून झाकून ठेवते. संध्याकाळी येऊन बघते तर कढई तशीच. पोह्यांत कांदा नको, खोबरं नको, उपमा त्याला 'लगदा' वाटतो, दुधावर सायीचा कण दिसला की ग्लास परत. क्लास सुटला की वडापाव खातो, नाहीतर घरी येऊन नूडल्स करतो. तेवढं मात्र बरोब्बर येतं. अंडं चालतं, पण सोमवारी आणि गुरुवारी आमच्याकडे करत नाहीत. सासूबाई गावाहून फोनवर म्हणतात, सकाळी आई घरात नसली की असंच व्हायचं. हा स्वतः करून खाईल आणि पोटात राहील असं काही आहे का? की मी नोकरीच सोडू?
— एक आई, डोंबिवली

मावशी म्हणतेस म्हणून तुला 'तू'च म्हणते. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देऊन टाकते: नाही. पोह्यांपायी कोणी नोकरी सोडत नाही.

आता त्या कढईकडे वळू. पावणेसहाला केलेले पोहे तो पावणेआठला उघडतो. मधल्या दोन तासांत त्यांचं काय होतं ते तू कधी पाहिलेलं नाहीस, कारण तू तेव्हा लोकलच्या दांडीला धरून उभी असतेस. वाफ झाकणाला धरते आणि थेंब थेंब खाली पडते. वरचे पोहे ओले, तळाचे कडक, कांदा बुळबुळीत, आणि शेंगदाणे मऊ पडलेले. शेंगदाणा मऊ पडला की त्यात काय राम राहिला? ते पोहे मीसुद्धा खाल्ले नसते गं. पूर्वी संकोचाने खाल्ले असते, आता वयाने तेवढा धीटपणा आलाय.

त्याच्या 'नको'ची यादी मी दोनदा वाचली. शिजून मऊ झालेला कांदा, दातांत येणारं ओलं खोबरं, गोळा झालेला उपमा, ओठाला लागणारी साय. यात एकही तक्रार चवीची नाही. सगळ्या तोंडात कसं लागतं याच्या आहेत. आणि मजा बघ, वडापावबरोबरच्या लाल सुक्या चटणीत सुकं खोबरं असतंच, ते मुकाट्याने पोटात जातं. म्हणजे खोबऱ्याशी वैर नाही, चोथ्याशी आहे. तुझ्या मुलाला कुरकुरीत, गरम आणि झणझणीत हवंय, आणि त्याला मिळतंय गार आणि मऊ. याला मी नखरे म्हणणार नाही. फार तर चोखंदळपणा म्हणेन, आणि तो आपल्या घराण्यांत पुरुषमंडळींच्या बाबतीत वर्षानुवर्षं कौतुकाने चालवून घेतलेला आहे.

दुसरं, तू किती सहज लिहून गेलीस: नूडल्स बरोब्बर येतात. म्हणजे गॅस पेटवता येतो, पाण्याचा अंदाज आहे, करपायच्या आत बंद करण्याचं भान आहे. अर्धा स्वयंपाकी तुझ्या घरात तयार बसलाय.

सुरुवात अंड्याच्या पोळीने कर. अंड्याची पोळी म्हणजे ऑम्लेट नव्हे. रात्रीच्या दोन पोळ्या मुद्दाम जास्त कर आणि डब्यात ठेव. सकाळी त्याने दोन अंडी वाटीत फोडायची, मीठ, तिखट, चिमूटभर हळद घालून काट्याने फेटायची. तवा तापला की थोडं तेल, त्यावर अर्धं मिश्रण ओतायचं आणि ते ओलं आहे तोवरच वर पोळी ठेवून उलथन्याने दाबायची. कडेने चुर्र आवाज येत राहतो. तो कमी झाला की उलटायची. आता पोळीची बाजू तव्यावर येते आणि मिनिटभरात तिला खमंग डाग पडतात. हा दाबण्याचा भाग महत्त्वाचा आहे, नाहीतर अंडं एकीकडे आणि पोळी एकीकडे असा संसार होतो. आत हवं तर लसणाची चटणी भुरभुरायची, गुंडाळायची, उभ्याने खायची. दुसरीही तशीच. दोन्ही मिळून सात-आठ मिनिटं. कांदा नाही, खोबरं नाही, साय तर नाहीच.

पोटात राहण्याचं विचारलंस म्हणून एवढा एकच हिशोब सांगते. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०२०च्या शिफारशींत १३ ते १५ वर्षांच्या मुलाला दिवसाला साधारण ४५ ग्रॅम प्रथिनं सांगितली आहेत. दोन अंड्यांत १२ ग्रॅम, दोन पोळ्यांत ५-६. म्हणजे क्लासला पोचायच्या आत दिवसाचा तिसरा हिस्सा झालासुद्धा. नुसत्या पोह्यांच्या बशीत चार-पाच ग्रॅम असतात, शेंगदाणे वेचून टाकले नाहीत तर थोडी जास्त. म्हणून पोहे खाऊनही मुलं अकरा वाजता भुकेने कासावीस होतात आणि आपण म्हणतो, आत्ताच तर खाल्लंस!

सोमवार-गुरुवारसाठी टोमॅटो ऑम्लेट, म्हणजे आपलं बेसनाचं धिरडंच. बेसन, एक टोमॅटो, तिखट, मीठ, ओवा, पाणी. टोमॅटो चिरायचा नाही, किसायचा. चिरला तर फोडी मऊ होऊन तोंडात येतात आणि तुझी कढई पुन्हा तशीच राहते. पीठ ताकाइतकं पातळ नको, इडलीच्या पिठाइतकं दाट नको. तव्यावर ओतलं की आपोआप पसरेल असं. कडेने तेल सोडायचं आणि उलटायची घाई करायची नाही. कडा तव्यापासून स्वतःहून सुटायला लागतात, तोवर हात लावायचा नाही. माझ्या मुलाने हे वयाच्या चौदाव्या वर्षी पहिल्यांदा केलं तेव्हा धिरडं तव्याला असं काही चिकटलं की निघेना. त्याने ते उलथन्याने खरवडलं, वर लिंबू पिळलं आणि 'बेसन भुर्जी' म्हणून खाल्लं. मी दारातून बघत होते. बोलायचं नाही म्हणून पदराचं टोक तोंडात धरलं होतं. ५० ग्रॅम बेसनात १० ग्रॅमच्या आसपास प्रथिनं असतात, सोबत वाटीभर दही घेतलं की अंड्याची उणीव फारशी उरत नाही.

ज्या दिवशी उशिरा उठेल (तो उठणारच आहे) त्या दिवशी गॅसचं नावसुद्धा नको. पातळ पोहे रविवारी कढईत मंद आचेवर कुरकुरीत भाजून घट्ट झाकणाच्या डब्यात भरून ठेव. सकाळी वाडग्यात दोन मुठी पोहे, दोन चमचे मेतकूट, तिखट, मीठ, कच्चं तेल, मूठभर भाजलेले दाणे आणि हाताने कालवायचं. तीन मिनिटं. वर पापड चुरला तर तो तुला विसरेल. पोह्यांना नाक मुरडणारा मुलगा हे पोहे खाईल असं मी पैजेवर सांगते, कारण हे पोहे कुर्रकुर्र वाजतात. मेतकूट म्हणजे तरी काय, हरभऱ्याची डाळ, उडदाची डाळ, तांदूळ, गहू वेगवेगळे भाजून मसाल्यांसकट दळलेले. चवीची पूड म्हणून चिमटीने घेतो, प्रत्यक्षात ते डाळीचं पीठ आहे, चमच्याने घ्यावं.

आणि अगदीच धावत सुटायची वेळ आली तर सातूचं पीठ. भाजलेले गहू आणि डाळवं दळून केलेलं, वाण्याकडे तयार मिळतं. झाकणाच्या बाटलीत थंड दूध, तीन चमचे पीठ, किसलेला गूळ, आणि जोरात हलवायचं. व्यायामशाळेत जाणारी पोरं डब्यातली महागडी पावडर अशीच घुसळून पितात, त्यामुळे त्याला लाज वाटणार नाही. दूध तू रात्रीच गाळणीतून गाळून फ्रीजमध्ये ठेव. सायीवरून किती वर्षं वाद घालणार? साय तुझ्या विरजणाला होईल.

थालीपीठ मी मुद्दाम सांगत नाही. भाजणी उत्तम, पण थापायला हात बसावा लागतो, आणि पहिल्याच आठवड्यात हात भाजला तर गडी पुन्हा नूडल्सकडे. फोडणीची पोळी, फोडणीचा भात पुढच्या महिन्यात. फोडणीत मोहरी तडतडून अंगावर उडते, त्याची भीती एकदा तुझ्यासमोर जाऊ दे.

रविवारी त्याला ओट्याशी घे. तू हात मागे बांधून उभी राहा, करायचं त्याने. शिकवायचं एवढंच: भांड्याचा दांडा आत वळलेला, बाही कोपराच्या वर, तवा गॅसवर असताना मोबाइल बाहेरच्या खोलीत, आणि निघताना बटणाबरोबर रेग्युलेटरही बंद. हे चार नियम तोंडी नको सांगूस, दोन रविवार त्याच्याकडून करून घे. मीठ जास्त पडलं तर पडू दे. खारट अंडं खाल्लेला माणूस दुसऱ्या दिवशी चिमूट बघून घालतो.

रात्री झोपण्याआधी पाच मिनिटं तुझी. एका ताटात तवा, उलथनं, वाटी, काटा, तेलाची बुधली. फ्रीजच्या पुढच्या कप्प्यात अंडी, पोळ्यांचा डबा, दूध. दाणे, पोहे, मेतकूट ओट्यावर, समोर. सध्या हे डबे मांडणीवर मागच्या रांगेत, डाळींच्या पाठीमागे असणार, होय ना? त्याचा हात तिथे पोचतो, पण साडेसातला नजर पोचत नाही. अर्धवट झोपेतला मुलगा समोर दिसेल तेच खातो, आणि समोर सध्या बिस्किटांचा डबा असतो, असा माझा अंदाज.

मग काही गोष्टी तुला सोसाव्या लागतील. सिंकमध्ये अंड्याचा तवा संध्याकाळपर्यंत पडून राहील. पाणी घालून ठेव, एवढंच सांग. ओट्यावर बेसनाचे ठिपके वाळलेले असतील. आणि सोमवार-गुरुवार सोडले तर तो अकरा दिवस अंड्याची पोळीच खाईल. 'आज पण तेच?' हे वाक्य गिळून टाक. रोज तेच खाल्ल्याने काही बिघडत नाही, दुपारी-रात्री तुझ्या हातची भाजी-आमटी आहेच. आपण मोठी माणसं वर्षानुवर्षं चहा आणि बटरवर सकाळ काढतो, आपल्याला कोणी विचारत नाही. आठ-दहाला फोन करून 'खाल्लंस का, काय खाल्लंस, किती खाल्लंस' हेही नको. आणि पहिल्या धिरड्याचा फोटो नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकलास तर तो दुसरं धिरडं करणार नाही, हे लिहून ठेव.

वडापाव बंद करायला जाऊ नकोस. मित्रांबरोबर गाडीवर उभं राहून खाण्यात जे आहे ते घरच्या बशीत नाही, आणि ते त्याच्या वयाला हवंच. घरून खाऊन निघाला की दोनाचा एक होईल. चहा घेत असेल तर खाण्याबरोबर नको, तासाभराने घेऊ दे. चहामुळे अन्नातलं लोह कमी अंगी लागतं. उलट लिंबू पिळलं तर जास्त लागतं.

एक काळजीपोटी विचारते. त्याला चालणारे पदार्थ हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरलेत का, नव्या पदार्थाच्या वासाने उमळून येतं का, वजन उतरतंय किंवा चक्कर येते का? यातलं काही असेल तर ही तव्याची गोष्ट नाही, डॉक्टरांना दाखव आणि हिमोग्लोबिन तपासून घे. तुझ्या पत्रावरून तसं दिसत नाही, तरी तू रोज बघतेस, मी नाही.

राहिल्या सासूबाई. त्यांच्या बोलण्याला उत्तर देऊ नकोस, काम दे. बाजारच्या मेतकुटाला घरच्याची सर नाही हे त्यांनाही मान्य असेल. पण मागणी तू करायची नाहीस. मुलाला सांग, आजीला फोन करून तूच माग, आणि पोह्यांत किती घालायचं तेही विचार. बघ, दहा मिनिटं फोन चालेल आणि त्यात तुझ्या नोकरीचा विषय निघायला जागाच उरणार नाही.

फक्त डबा मोठा मागवायला सांग. पहिल्या आठवड्यात अर्धं मेतकूट तो नुसतंच चमच्याने खाऊन संपवणार आहे.

— मावशी