दक्षिण इटलीतल्या लुचेरा गावाचा इतिहास काय? सम्राट आणि सिसिलीचा राजा दुसरा फ्रेडरिक याने तिथे मुसलमान का वसवले आणि किल्ला त्यानेच बांधला का?

शेवटचा प्रश्न आधी घेतो, त्यावरून आमच्या घरात दीड वर्ष धुसफूस चालू आहे.

नाही. आज दिसतो तो तट फ्रेडरिकचा नाही. फ्रेडरिकच्या वंशाकडून इथलं राज्य जिंकणाऱ्या पहिल्या चार्ल्सचा आहे (फ्रान्समधल्या आंजू घराण्याचा), १२६९ ते १२८३ मधला.

मी कामानिमित्त जवळच्या फोज्जा शहरात होतो. ताई-भाऊजी आले तेव्हा एका रविवारी लोकल ट्रेनने लुचेराला नेलं, वीसेक मिनिटांचा तर प्रवास. भाऊजी म्हणजे सह्याद्रीतले शंभरेक गड पायाखाली घातलेला माणूस, त्यामुळे तट दिसला की मोबाईल काढून व्हिडिओ सुरू, "मित्रांनो, हा सम्राट दुसऱ्या फ्रेडरिकचा किल्ला." मी म्हटलं, अहो भाऊजी, फ्रेडरिक १२५० ला गेला, हा तट त्यानंतर वीस वर्षांनी सुरू झाला. ते म्हणे बोर्ड वाच. बोर्डावर 'स्वेवो-आंजोइनो', म्हणजे दोन्ही घराण्यांची नावं आणि फ्रेडरिकचं घराणं पहिलं! झालं. "पहिलं नाव कोणाचं आहे?"

मग मी त्यांना आतल्या कोपऱ्यात घेऊन गेलो. तिथे एक चौकोनी पाया उरलाय, भिंती खालून तिरक्या, त्यात जंग्या, म्हणजे बाण मारायच्या फटी. तो फ्रेडरिकच्या राजवाड्याचा, १२३३ च्या सुमाराचा. त्याचं एवढंच शिल्लक आहे, बाकीचे दगड लोकांनी गावातल्या बांधकामांना नेले. आणि बाहेरचा जवळजवळ ९०० मीटरचा तट, बुरूज, सिंह आणि सिंहीण म्हणतात ते दोन गोल बुरूज, हे सगळं चार्ल्सचं. गंमत म्हणजे खंदक गावाच्या बाजूला आहे. का, तर आत चार्ल्सने दक्षिण फ्रान्समधल्या प्रोव्हान्सहून आणलेली ख्रिस्ती माणसं होती आणि गावात मुसलमान. शत्रू बाहेरून येणार नव्हता, समोरच राहत होता. हे मी बोलेपर्यंत भाऊजींचा व्हिडिओ फॅमिली ग्रुपवर गेला होता. मी खाली दुरुस्ती टाकली. ताई म्हणाली, "तुला प्रत्येक ठिकाणी पंतोजी व्हायलाच हवं का?" परतीच्या ट्रेनमध्ये कोणी बोललं नाही.

आता तुमचा मुख्य प्रश्न. सिसिलीतल्या डोंगराळ भागात मुसलमानांची बंडं चालू होती, म्हणून १२२० च्या दशकात फ्रेडरिकने त्यांना उचलून इकडे आणलं, अंदाजे पंधरा-वीस हजार. समुद्र लांब, आजूबाजूला सगळे ख्रिस्ती, त्यामुळे राजाशिवाय वाली नाही. त्यांच्याकडून कर घेतला, खालच्या मैदानात शेती करवली आणि शिवाय सैन्याला उत्तम तिरंदाज मिळाले. पोपने राजाला बहिष्कृत केलं तरी यांना काय फरक पडणार? याला लोक 'सहिष्णुता' म्हणतात तेव्हा मला हसू येतं. घरदार सोडायला लावून वसवलेली माणसं होती ती. मशीद होती, आपला कायदा होता, पण आले ते मर्जीने नाही.

त्याच्या आधीचं थोडक्यात: इ.स.पू. ३१४ ला रोमन वसाहत, अँफिथिएटर अजून आहे, ६६३ मध्ये बायझंटाईन सम्राटाने गाव उद्ध्वस्त केलं.

फ्रेडरिकच्या वंशासाठी लुचेराचे मुसलमान १२६८ ला चार्ल्सविरुद्ध उठले, उपासमारीने ऑगस्ट १२६९ ला शरण आले. मग तट. आणि १३०० च्या ऑगस्टमध्ये चार्ल्सचा मुलगा दुसरा चार्ल्स, त्याने ही मुसलमान वस्तीच संपवली. बहुतेकांना गुलाम म्हणून विकलं, धान्य-गुरं जप्त. यावरही भाऊजींचं मत "धर्मयुद्ध". माझं मत: कर्ज. हातची गेलेली सिसिली परत मिळवायच्या युद्धात हा राजा गळ्यापर्यंत बुडाला होता आणि या कामगिरीवर पाठवला तो त्याचा अधिकारी पिपिनो मूळचा नोटरी, पुढे खजिन्याच्या कारभारातून वर आलेला. याच राजाने १२८९ ला आंजूमधून ज्यूंना हाकललं आणि त्या बदल्यात प्रजेवर कर बसवला, तेव्हा सवय जुनीच.

हां, राजाच्या स्वतःच्या पत्रांत कारण धर्माचंच दिलंय आणि इतिहासकारांचंही यावर एकमत नाही, त्यामुळे भाऊजी अगदीच चूक असं नाही म्हणणार. तटाच्या बाबतीत मात्र चूकच.

जाणार असाल तर सकाळी जा, दुपारी बंद असलं तर तट बाहेरूनच बघावा लागेल. आधी कोपऱ्यातला पाया बघा, मग तट. आणि सोबत कोणी व्हिडिओ काढत असेल तर अपलोड करायच्या आधी बोला, नंतर उपयोग नसतो. तो व्हिडिओ अजून ग्रुपवर आहे, ३१ लाईक्स.