अर्धमॅरेथॉन दोन तासांच्या आत करायची होती, २:०३:५० लागले. माझे मन कमी पडले का?

तुमचा प्रश्न मी तीन वेळा वाचला. वय ३४, राहणे ठाण्यात, दहा किलोमीटरची सर्वोत्तम वेळ ५६ मिनिटे, सहा महिने नियमित सराव, घरी आणि कार्यालयात सर्वांना ‘दोन तासांच्या आत येणार’ असे सांगून ठेवलेले, आणि प्रत्यक्षात लागले २ तास ३ मिनिटे ५० सेकंद. मन कमी पडले का, पुन्हा प्रयत्न करावा का आणि लोकांना काय सांगावे, असे तुम्ही विचारले आहे. यांपैकी पहिल्या प्रश्नासाठी मी लिहायला बसले, कारण पाच वर्षांपूर्वी हेच मला ऐकवण्यात आले होते. प्रश्न म्हणून नव्हे, निकाल म्हणून. आणि तो ऐकवणारा माझा सख्खा थोरला भाऊ होता.

तुमचे मन कमी पडलेले नाही, तुमचे उद्दिष्ट चुकले. पीट रीगेल या अमेरिकी अभियंत्याने एका अंतराच्या वेळेवरून दुसऱ्या अंतराची वेळ काढण्याचे एक सूत्र १९७७ साली मांडले, आणि ते आजही सर्रास वापरले जाते: दोन अंतरांच्या गुणोत्तराचा १.०६ वा घात घ्यायचा आणि त्याने आपल्या वेळेला गुणायचे. तुमच्या ५६ मिनिटांना हे लावले की उत्तर येते २ तास ३ मिनिटे ३३ सेकंद. तुम्हाला त्याहून सतराच सेकंद जास्त लागले. एकवीस किलोमीटरमध्ये सतरा सेकंदांचा फरक म्हणजे अंगात होते तेवढे तुम्ही त्या दिवशी जवळजवळ पुरेपूर वापरले. दोन तासांच्या आत यायचे असेल तर दहा किलोमीटर साधारण ५४ मिनिटे २० सेकंदांत व्हायला हवेत. ते होत नाहीत तोवर दोन तासांचे नाव काढू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

माझ्या बाबतीत मात्र हे सूत्र माझ्या बाजूने होते, म्हणून माझी हार अधिक बोचली. त्या वेळी मी ४६ वर्षांची होते आणि दहा किलोमीटर ५३ मिनिटे ५० सेकंदांत केले होते. त्यावरून अर्धमॅरेथॉनचा अंदाज १ तास ५८ मिनिटे ४७ सेकंद असा निघत होता. सरावात कसूर नव्हती. मंगळवारी उपवन तलावापासून येऊरचा चढ, गुरुवारी पोखरण रस्त्यावर वेगाच्या फेऱ्या आणि रविवारी पहाटे घोडबंदर रस्त्याच्या बाजूने कोलशेतकडे लांबचे धावणे, असे पाच महिने चालले होते. मी लेखापरीक्षणाचे काम करते, त्यामुळे प्रत्येक धावण्याची नोंद वहीत ठेवण्याची मला सवय आहे, आणि पुढे जे सांगते आहे ते त्या वहीतले आहे.

स्पर्धा फेब्रुवारीत नवी मुंबईत होती, मार्ग बहुतांशी पाम बीच रस्त्याचा. पहाटे पावणेसहाची सुरुवात पाहुण्यांच्या प्रतीक्षेत सहा वीसवर गेली. ही पस्तीस मिनिटे ऐकायला किरकोळ वाटतात. पण फेब्रुवारीत आपल्याकडे सूर्य सात-सव्वासातला वर येतो, आणि ज्यांना दोन तास लागणार आहेत त्यांच्यासाठी या उशिराचा अर्थ असा होतो की शेवटचा तासभर उन्हात काढायचा. पाम बीच रस्त्यावर सावली जवळजवळ नाहीच; एका अंगाला खारफुटी आणि खाडी, दुसऱ्या अंगाला इमारती, पण त्या रस्त्यापासून दूर. मुंबई मॅरेथॉनमध्ये अर्धमॅरेथॉन जानेवारीत आणि पहाटेच्या अंधारात का सोडतात, हे ज्याला कळते त्याने पाहुण्यांसाठी दोन-तीन हजार माणसे ताटकळत ठेवू नयेत.

दोन तासांसाठी किलोमीटरला ५ मिनिटे ४१ सेकंद लागतात. मी पहिले पाच किलोमीटर ५:२८ च्या गतीने गेले, पुढचे पाच ५:३४ ने, त्यापुढचे पाच ५:४१ ने आणि उरलेले अंतर ५:५० ने. पहिल्या पाचातली चूक माझी होती आणि ती मी कधीच नाकारली नाही. उशीर झाल्यामुळे ऊन चढायच्या आत जमेल तेवढे अंतर काढावे, असा मूर्ख विचार मी सुरुवातीच्या रेषेवर केला होता. उपग्रहाच्या संकेतांवरून अंतर मोजणाऱ्या माझ्या घड्याळात २१.१ किलोमीटर झाले तेव्हा वेळ होती १:५९:१०. मी मान वर केली, तर अंतिम रेषेची कमान अजून बरीच पुढे होती. घड्याळाच्या हिशेबाने ती २४० मीटर पुढे होती. धावपटूच्या अंगावरच्या, रेषा ओलांडल्याची वेळ नोंदवणाऱ्या चिपची अधिकृत वेळ आली २ तास ३४ सेकंद, आणि घड्याळ मला सरासरी गती ५:३९ दाखवत होते, म्हणजे हवी होती त्याहून चांगली.

हे २४० मीटर कुठून आले, हे समजून घेणे तुमच्याही उपयोगाचे आहे. प्रमाणित मार्ग सायकलच्या चाकाला जोडलेल्या जोन्स काउंटरने, म्हणजे चाकाचे फेरे मोजणाऱ्या यंत्राने, मोजतात, आणि तोही सर्वांत जवळच्या रेषेने, म्हणजे वळणावर आतल्या कडेपासून ३० सेंटिमीटर अंतर ठेवून. शिवाय मार्ग चुकूनही कमी भरू नये म्हणून हजारात एक या प्रमाणात अंतर वाढवतात, म्हणजे अर्धमॅरेथॉनला सुमारे २१ मीटर. आपण मात्र त्या रेषेवर धावत नाही. पुढच्यांना ओलांडायला उजवीकडे, पाण्याच्या टेबलासाठी डावीकडे, वळसा घेताना बाहेरून, असे करत प्रत्येक किलोमीटरमागे दहा-बारा मीटर सहज वाढतात. पोखरण रस्त्यावर उंच इमारतींमुळे घड्याळ थोडे भरकटते हे मी मान्य करते, पण पाम बीचवर आकाश मोकळे असते. तिथले जादा अंतर बहुतांशी मी स्वतः धावलेले होते. म्हणून स्पर्धेत घड्याळाची गती पाहून निश्चिंत होऊ नये. दर किलोमीटरच्या फलकापाशी स्वतः घड्याळाचे लॅपचे, म्हणजे त्या टप्प्याची वेळ नोंदवणारे, बटण दाबावे आणि किलोमीटरमागे चार सेकंद हाताशी ठेवूनच निघावे.

आता दादाविषयी. तो नेरूळला राहतो आणि सारसोळ्याच्या सिग्नलपाशी, साधारण सतराव्या किलोमीटरला, मला पाहायला उभा होता. शाळेत असताना तो आठशे मीटर धावायचा आणि त्यात त्याने बक्षिसे मिळवली होती. नेमके तिथेच पाण्याचे टेबल होते आणि मी ग्लास हातात घेऊन वीस पावले चालले. प्रत्येक टेबलाशी वीस पावले चालायचे हे मी आधीच ठरवले होते, कारण धावता धावता कागदी ग्लासातले पाणी निम्मे नाकात आणि निम्मे अंगावर जाते. दादाने सहांपैकी फक्त तेवढे एकच टेबल पाहिले. “चालू नकोस! चालू नकोस!” असे तो ओरडला, आणि स्पर्धा संपल्यावर मी बुटांच्या नाड्या सोडत बसले असताना त्याने निर्णय दिला, “पाय नाही थकले गं तुझे, मन थकलं. सतराव्याला तू सोडून दिलंस, मी डोळ्यांनी पाहिलंय.”

त्यानंतर हे वाक्य आमच्या घरी बारशापासून साठीशांतीपर्यंत प्रत्येक प्रसंगी निघाले आहे. आधाराला तो केनियाच्या मॅरेथॉनपटू एलिउड किपचोगेचे नाव घेतो, की माणसाला मर्यादा नसते असे तो धावपटू सांगतो. त्याच किपचोगेची हकिगत मी दादाला अनेकदा सांगितली आहे आणि तुम्हालाही सांगते. पूर्ण मॅरेथॉन दोन तासांच्या आत धावण्याचा त्याचा पहिला प्रयत्न मे २०१७ मध्ये इटलीतील मोंझाच्या मोटार शर्यतीच्या मार्गावर झाला आणि तिथे त्याला २ तास २५ सेकंद लागले. ऑक्टोबर २०१९ मध्ये व्हिएन्नात त्याने तेच अंतर १ तास ५९ मिनिटे ४० सेकंदांत पूर्ण केले. त्यासाठी काय काय केले गेले? सपाट आणि जवळजवळ सरळ मार्ग निवडला गेला, हवा योग्य असेल तो दिवस आणि ती वेळ पकडता यावी म्हणून तारखेला आठवडाभराची मुभा ठेवली गेली, ४१ धावपटू आळीपाळीने त्याचा वारा अडवत धावले आणि पुढच्या गाडीतून रस्त्यावर गती दाखवणारी प्रकाशाची रेषा पाडली गेली. जगातल्या सर्वांत खंबीर मनाच्या धावपटूच्या माणसांनीसुद्धा त्या दिवशी मनावर काहीही सोडले नव्हते. मग ठाण्यातल्या ४६ वर्षांच्या बाईच्या चौतीस सेकंदांसाठी पहिला आरोपी तिचे मन का असावे?

माझा सर्वांत भक्कम पुरावा मात्र माझ्याच छातीवरच्या पट्ट्याने नोंदवलेला आहे. पाचव्या किलोमीटरला हृदयाचे ठोके मिनिटाला १५८ होते, अठराव्याला १७४. या दोन टप्प्यांमध्ये गती किलोमीटरमागे वीस सेकंदांहून अधिक उतरली होती. खाडीकाठच्या दमट हवेत घाम येतो पण वाळत नाही, आणि घाम वाळला नाही तर अंग थंड होत नाही. मग शरीर त्वचेकडे अधिकाधिक रक्त पाठवू लागते, पायांच्या वाट्याला ते कमी येते, आणि तीच गती राखायला हृदयाला अधिक ठोके द्यावे लागतात. मी मन सोडले असते तर गतीबरोबर ठोकेही खाली आले असते. ते वर चढत होते. गती उतरत असताना ज्याचे ठोके चढत आहेत त्याने प्रयत्न सोडला, असे म्हणणे हा त्या माणसावर अन्याय आहे. तुमच्याकडे छातीचा पट्टा असेल तर तुम्हीही हे दोन आकडे काढून पाहा. मनगटावरची नोंद घामामुळे कधीकधी चुकते, म्हणून पट्टा म्हणते आहे.

पुढच्या वर्षी जानेवारीत मी पुन्हा धावले. पहिले पाच किलोमीटर ५:४२ च्या गतीने, वळणे आतून, लॅप फलकांवर, चाळिसाव्या आणि ऐंशीव्या मिनिटाला ऊर्जेसाठी खायचे साखरेचे जेल, आणि स्पर्धा वेळेवर सुटलेली. वेळ आली १ तास ५८ मिनिटे २१ सेकंद. टेबलांपाशी वीस पावले मी या खेपेसही चालले. निकाल कळताच दादाचा फोन आला आणि तो म्हणाला, “बघ, या वेळी मन लावलंस!” मला त्या वेळेचा फार आनंद झाला होता, आणि त्यातला निम्मा त्या वाक्याने गेला. हरल्यावर मन कारणीभूत आणि जिंकल्यावरही मनच, तर मधल्या अकरा महिन्यांच्या कामाला काय म्हणायचे?

एक गोष्ट प्रामाणिकपणे नोंदवायला हवी. वीस पावले चालण्यात धावण्याच्या तुलनेत पाच-सहा सेकंद जातात. सहा टेबलांचे मिळून तीस ते छत्तीस होतात, आणि मी कमी पडले चौतीस सेकंदांनी. न चालता, पाणी नीट न पिता मी त्या उन्हात शेवटचे पाच किलोमीटर त्याच गतीने काढले असते असे मला वाटत नाही, परंतु ते सिद्ध करता येणार नाही. तेवढ्या चौतीस सेकंदांपुरते दादाचे डोळे खोटे बोलत नव्हते. त्याने काढलेले कारण मला आजही मान्य नाही.

तसेच, रीगेलचे सूत्र हवेचा विचार करत नाही, आणि ज्यांचे आठवड्याचे एकूण धावणे कमी आहे त्यांना ते प्रत्यक्षापेक्षा चांगली वेळ दाखवते. तेव्हा ५४:२० झाले म्हणजे दोन तास पक्के, असे धरू नका. ठोक्यांविषयी मी जे लिहिले ते माझ्या शरीराचे आहे. छातीत दुखले, चक्कर आली किंवा घाम येणे अचानक थांबले, तर वेळेचा हिशेब सोडून तिथेच थांबावे आणि मदत मागावी.

पुन्हा प्रयत्न करावा का, याचे उत्तर हो असे आहे, पण पावसाळ्यानंतर आणि आधी दहा किलोमीटरची परीक्षा देऊन. जूनच्या हवेत स्वतःला दोन तासांच्या कसोटीला लावू नका.

राहता राहिले लोक. ‘पूर्ण केलेस हेच खूप’ असे म्हणणाऱ्यांचा हेतू चांगला असतो, तरी मला ते सांत्वन कधी पचलेले नाही, कारण पूर्ण करायला मी उतरलेच नव्हते. वेळ ठरवून उतरले होते, आणि त्या वेळेचे दुःख करण्याचा मला अधिकार होता. तुम्हालाही आहे. लोकांना आकडा सांगा, ‘दोन तास तीन मिनिटे पन्नास सेकंद’, आणि तिथेच थांबा. मी त्या दिवशी ‘दोन तास चौतीस सेकंद, पण घड्याळात अंतर जास्त आलं’ असे म्हणाले होते, आणि त्या ‘पण’मधूनच दादाला बोलायला जागा मिळाली.

गेल्या भाऊबीजेला दादा आमच्याकडे आला तेव्हा मी ती वही, ठोक्यांचे पान वर येईल अशी, टेबलावर काढून ठेवली होती. ओवाळून झाले, फराळ झाला, त्याने वही उचलून बाजूला ठेवली आणि ताटासाठी जागा केली. मीही काही बोलले नाही.