सेवेत नवे आहात? आधी स्वतःची घागर भरा

उपदेशाची तयारी म्हणजे स्वतःचं शास्त्रवाचन (बायबल वाचणं) नव्हे. चर्चचे नवे पाळक हमखास इथेच चुकतात. वचन उघडलं की मनात मुद्दे सुरू होतात आणि स्वतःसाठी काहीच उरत नाही. म्हणून पुढच्या रविवारचा शास्त्रभाग सोडून दुसरं पुस्तक घ्या, वही-पेन लांब ठेवा. स्तोत्रं उत्तम: रोज ५ वाचली तर १५० स्तोत्रं ३० दिवसांत होतात. ११९वं मात्र १७६ ओव्यांचं आहे, त्याला वेगळा दिवस द्या.

सुट्टी रविवारी मिळणार नाही, हे उघड आहे. सोमवार धरा आणि मंडळीला आधीच सांगून ठेवा. फोन घरातल्या कुणाकडे द्या. 'फक्त बघतो' म्हणत अर्धा दिवस जातो. अंत्यविधीमुळे सोमवार गेलाच, तर त्याच आठवड्यात दुसरा दिवस घ्या.

बायबलमधल्या १ राजे या पुस्तकाचा १९वा अध्याय नीट वाचा. मरण मागणाऱ्या एलीया संदेष्ट्याला देवदूताने उपदेश केला नाही. निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाणी दिलं, तेही दोनदा, मध्ये झोप. होरेब पर्वतावर देवाची भेट त्यानंतर. थकव्याला अविश्वास समजू नका, आधी झोपा.

आणि मन मोकळं करायला मंडळीबाहेरचा एखादा वडीलधारा सेवक शोधा. महिन्यातून एकदा भेटलात तरी चालेल.