वाचकांचे प्रश्न : कॅपिटल अक्षरांतील सूचना आणि समूहातील सभ्यता

प्रश्न : मी तार खात्यातून निवृत्त झालो आहे. आमच्या गृहनिर्माण संस्थेच्या व्हॉट्सअॅप समूहावर पाण्याच्या टाकीच्या सफाईची सूचना मी इंग्रजीत, सगळी अक्षरे कॅपिटल ठेवून टाकली. त्यावर एका तरुण सभासदाने सर्वांदेखत ‘काका, ओरडू नका’ असे लिहिले. सूचना सर्वांच्या नजरेस पडावी, यापलीकडे माझा काहीही हेतू नव्हता. माझे नेमके काय चुकले? – एक वाचक, सातारा

उत्तर : आपल्या हेतूत काहीही चुकलेले नाही. मात्र संपूर्ण मजकूर कॅपिटल अक्षरांत लिहिला की तो वाचणाऱ्याला चढ्या आवाजात बोलल्यासारखा वाटतो, हा संकेत आता जगभर रूढ झाला आहे आणि समूहात लिहिणाऱ्याने तो पाळावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

आपण ज्या खात्यात आयुष्य घालवले तेथे हा संकेत असण्याचे कारणच नव्हते. तारेचा मजकूर पाठवणाऱ्या आणि छापणाऱ्या टेलिप्रिंटर या यंत्राची सांकेतिक लिपी पाच घटकांची होती, तिच्यात अवघ्या ३२ जुळण्या होत्या आणि त्यांतून अक्षरे, आकडे व विरामचिन्हे भागवायची असल्यामुळे इंग्रजी अक्षरांचा एकच प्रकार ठेवणे भाग होते. संगणकांनी ही परंपरा काही काळ पुढे चालवली. अमेरिकेत १९६३ साली ठरलेल्या ‘आस्की’ या प्रमाण संकेतावलीत फक्त कॅपिटल अक्षरे होती. लहान अक्षरांची निश्चिती १९६७ च्या सुधारणेत झाली. ज्या यंत्रावर दुसरा पर्यायच नाही, तेथे कॅपिटल अक्षरांतून राग किंवा घाई व्यक्त होणे शक्य नव्हते.

दोन्ही प्रकारची अक्षरे हाताशी आली आणि एकमेकांना कधीही न भेटलेली माणसे केवळ टंकलेल्या मजकुरातून बोलू लागली, तेव्हा चित्र पालटले. त्या पडद्यांवर ठळक किंवा तिरपा टाइप उपलब्ध नव्हता. एखाद्या शब्दावर जोर द्यायचा तर तो कॅपिटल अक्षरांत लिहिणे हा सर्वांत सोपा मार्ग होता आणि ज्या मजकुरात प्रत्येकच शब्दावर जोर आहे तो आरडाओरडा, अशी समजूत १९८० च्या दशकात यूजनेट या संगणकांच्या जुन्या जाळ्यावरील चर्चागटांत पक्की झाली. ऑक्टोबर १९९५ मध्ये इंटरनेटच्या मानकांची जबाबदारी सांभाळणाऱ्या मंडळींनी आरएफसी १८५५ या क्रमांकाने शिष्टाचाराची एक मार्गदर्शिका प्रसिद्ध केली. तिच्यातही लहान-मोठी अक्षरे मिळून वापरावीत, सगळी कॅपिटल ठेवल्यास आपण ओरडत आहोत असे दिसते, हे सांगितलेले आहे. म्हणजे आपल्याला ज्याबद्दल टोकले गेले तो नियम आजच्या तरुणांनी काढलेला नाही.

आपल्याकडे मात्र कॅपिटल अक्षरांना वेगळी प्रतिष्ठा आहे आणि ती समजून घेतल्याशिवाय आपल्या पिढीच्या सवयीला न्याय देता येणार नाही. शाळेत जिला आपण पहिली एबीसीडी म्हणत असू, तीच पुढे बँकेच्या पावतीवर, रेल्वेच्या आरक्षण अर्जावर आणि प्रत्येक सरकारी नमुन्यावर मागितली गेली, कारण हाताने लिहिलेली सुटी कॅपिटल अक्षरे कारकुनाला बिनचूक वाचता येतात. तारही त्याच अक्षरांत हाती पडायची. अशी अक्षरे म्हणजे स्पष्ट, अधिकृत आणि जबाबदारीने केलेले लेखन, ही समजूत आपल्या मनात चार-पाच दशके रुजलेली आहे. तिला उद्धटपणा म्हणणे हे केवळ अज्ञान होय.

तरीही सवय बदलावी, असे मी आग्रहाने सांगतो. आपल्यासारख्याच जुन्या परंपरेच्या कार्यालयांनी ती बदललेली आहे. अमेरिकेची राष्ट्रीय हवामान सेवा टेलिप्रिंटरच्या काळापासून आपले अंदाज संपूर्ण कॅपिटल अक्षरांत देत आली होती. मे २०१६ पासून तिने नेहमीच्या लहान-मोठ्या अक्षरांत लिहिण्यास सुरुवात केली. मात्र धोक्याचा इशारा देताना कॅपिटल अक्षरे वापरण्याची मुभा तिने आपल्या अंदाजकारांना ठेवली. मला हा निर्णय फार शहाणपणाचा वाटतो. रोजचे हवामानही कॅपिटल अक्षरांत आणि वादळाचा इशाराही कॅपिटल अक्षरांत असेल, तर वाचणाऱ्याने वादळ ओळखायचे कसे? आपल्या सूचनेत टाकीच्या सफाईचा दिवस आणि पाणी बंद राहण्याची वेळ एवढेच ठळक केले असते, तर तेच नेमके नजरेत भरले असते.

पुष्कळदा ज्येष्ठ मंडळी लहान अक्षरे दिसत नाहीत म्हणूनही कॅपिटल अक्षरे वापरतात. अँड्रॉइड फोनवर व्हॉट्सअॅपच्या सेटिंग्जमध्ये चॅट्स या भागात अक्षरांचा आकार वाढवता येतो आणि तो केवळ आपल्या पडद्यावर वाढतो. संगणकावर वर्डमध्ये आधीच तयार असलेली सूचना पुन्हा टंकण्याचीही गरज नाही. मजकूर निवडून शिफ्टसह एफ३ ही कळ दाबली की अक्षरांचा प्रकार बदलत जातो.

आता त्या तरुण सभासदाविषयी. वयाने मोठ्या माणसाला साऱ्या इमारतीसमोर टोकणे ही माझ्या मते कॅपिटल अक्षरांपेक्षा कितीतरी मोठी असभ्यता आहे. वर उल्लेखिलेल्या मार्गदर्शिकेतच, आपण लिहिताना काटेकोर असावे आणि दुसऱ्याचे वाचताना उदार असावे, तसेच एका व्यक्तीशी मतभेद झाल्यास ते गटासमोर न वाढवता परस्परांत मिटवावेत, असा सल्ला आहे. त्याने आपल्याला खासगी संदेश पाठवला असता, तर आपणही तो आनंदाने मानला असता. न्यूझीलंडमध्ये २००७ साली एका कर्मचारी महिलेला नोकरीवरून काढण्यात आले, तेव्हा कॅपिटल आणि ठळक अक्षरांतील तिच्या ई-मेलमुळे सहकारी दुखावले गेल्याची तक्रार पुढे आली होती. मात्र ई-मेल कसे लिहावेत याचे कोणतेही नियम त्या संस्थेने घालून दिलेले नव्हते आणि पुढे तिची बडतर्फी अन्यायकारक ठरून तिला भरपाई मिळाली. नियम आधी सांगावा, मगच बोल लावावा, हे तत्त्व संस्थेच्या समूहालाही लागू आहे. समूहाचे व्यवस्थापक असा नियम समूहाच्या माहितीत एका ओळीत लिहून ठेवू शकतात.

प्रश्न : देवनागरीत कॅपिटल अक्षरेच नाहीत. मग मराठीत लिहिणाऱ्यांना हा नियम लागू होतो का? आणि रोमन लिपीत मराठी लिहिताना काही जण शब्दाच्या मध्येच एखादे अक्षर कॅपिटल ठेवतात, ते कशासाठी? – एक वाचक, डोंबिवली

उत्तर : देवनागरीत आरडाओरडा वेगळ्या मार्गाने होतो. उद्गारचिन्हांची रांग लावणे, स्वर ओढून लिहिणे, दोन्ही बाजूंना तारकाचिन्हे देऊन सबंध परिच्छेद ठळक करणे आणि उत्तर आले नाही म्हणून तोच संदेश पुन्हा पुन्हा टाकणे, हे सारे त्याच जातीचे आहे आणि नियमाचा गाभा त्यालाही लागू होतो.

शब्दाच्या मधले कॅपिटल अक्षर हा मात्र शुद्धलेखनाचा भाग असतो. आयट्रान्ससारख्या लिप्यंतर पद्धतींत लहान ‘टी’ म्हणजे त आणि कॅपिटल ‘टी’ म्हणजे ट. त्याच न्यायाने न आणि ण, ल आणि ळ वेगळे ओळखले जातात. अशा लेखनात ‘वेल’ आणि ‘वेळ’, ‘माल’ आणि ‘माळ’ यांतील फरक केवळ त्या एका अक्षरावर अवलंबून असतो. सगळी अक्षरे कॅपिटल केली तर हा फरकच पुसला जातो, म्हणून रोमन लिपीत मराठी लिहिणाऱ्याने ती टाळावीत, याला सभ्यतेबरोबर भाषेचेही कारण आहे.

प्रश्न : रक्ताची तातडीची गरज असल्याचे संदेश सर्रास कॅपिटल अक्षरांत येतात. तेही चूक मानायचे का? – एक वाचक, नांदेड

उत्तर : नाही, अशा वेळी आवाज चढवण्याचा माणसाला पूर्ण अधिकार आहे. फक्त कॅपिटल अक्षरे तातडी दर्शवणारा शब्द, रक्तगट आणि रुग्णालयाचे नाव यांपुरती ठेवावीत आणि बाकीचा मजकूर नेहमीसारखा लिहावा. संदेशात दिनांक, वेळ आणि संपर्क क्रमांक असणे अत्यंत आवश्यक आहे, कारण दिनांक नसलेला संदेश गरज संपल्यावरही अनेक दिवस फिरत राहतो आणि रुग्णाच्या नातेवाइकांचा फोन वाजतच राहतो. रक्त मिळाल्यावर, ज्या ज्या समूहांत संदेश टाकला होता तेथे तसे कळवावे.