शीटांची बेरीज चुकते कुठे? वाचकांचे प्रश्न

(एक्सेलची सूत्रं इथे देवनागरीत छापली आहेत. टाइप करताना फंक्शन, सेल आणि आकडे इंग्रजीतच टाका.)

प्रश्न : एप्रिल ते मार्च अशा १२ शीटांत केळीच्या गाड्यांचा हिशेब आहे. महिन्याची बेरीज ई४० मध्ये आणि 'एकूण' शीटवर =सम('एप्रिल:मार्च'!ई४०). एरर येत नाही, पण रक्कम कमी भरते.
– केळी व्यापारी, सावदा

उत्तर : एक्सेलला महिने कळत नाहीत. खाली टॅब ज्या क्रमानं लागलेत, त्यातले एप्रिल आणि मार्चच्या मधले तेवढे ते घेतं. ओढाओढीत ऑगस्टचा टॅब मार्चच्या उजवीकडे गेला की ऑगस्ट गळालाच. उलट एखाद्या महिन्याची कॉपी मध्ये राहिली, तर तो दोनदा मोजला जातो. लपवलेली शीटही बेरजेत धरली जाते, म्हणून टॅबवर राइट-क्लिक करून 'अनहाइड' एकदा बघाच.

टॅबचा क्रम बरोबर असेल, तर संशय ई४० वर. भर हंगामात गाड्या वाढतात. जुलैत दोन ओळी घुसवल्या की तिथली बेरीज ई४२ वर सरकते. सूत्र मात्र ई४० च वाचत राहतं आणि तिथे असलेली एकाच गाडीची रक्कम उचलतं. एरर न येण्याचं कारण हेच, आणि म्हणूनच ही चूक महिनोन्‌महिने सापडत नाही.

बेरीज खाली ठेवूच नका. एप्रिलच्या टॅबवर क्लिक, शिफ्ट दाबून मार्चवर क्लिक. बाराही शीटं एकत्र निवडली जातील. ई२ मध्ये =सम(ई५:ई५००) लिहा. लगेच राइट-क्लिक करून 'अनग्रुप शीट्स'. हे विसरलात तर पुढची प्रत्येक नोंद बाराही महिन्यांत उमटेल! आता एकेका शीटवर जाऊन खालची जुनी बेरीज काढून टाका, नाहीतर आकडा दुप्पट होईल. मग दोन्ही टोकांना 'आरंभ' आणि 'अखेर' अशी कोरी शीटं लावून =सम('आरंभ:अखेर'!ई२) द्या. 'एकूण' शीट या दोघांच्या बाहेरच हवी.

प्रश्न : प्रत्येक व्यापाऱ्याची वेगळी शीट आहे. सगळ्यांतून फक्त ओल्या मिरचीची बेरीज हवी. समइफ दिलं की व्हॅल्यू एरर.
– मिरची आडतीवरचे मुनीम, नंदुरबार

उत्तर : समइफला अनेक शीटांची रेंज चालत नाही. प्रत्येक शीटवर एफ२ मध्ये =समइफ(बी५:बी५००,"ओली",ई५:ई५००) आणि 'एकूण' शीटवर =सम('आरंभ:अखेर'!एफ२). इनडायरेक्ट, म्हणजे मजकुरात लिहिलेल्या पत्त्यावरून सेल वाचणारं फंक्शन, त्याची युक्ती कुणीतरी सुचवेल. पण त्यात शीटचं नाव मजकूर म्हणून लिहिलेलं असतं. व्यापाऱ्याचं नाव बदललं की रेफ एरर. आम्ही तरी तिच्या वाटेला जाणार नाही. 'ओली'पुढे चुकून स्पेस पडली असेल, तर ती ओळ सुटते, हेही तपासा.

प्रश्न : कापसाच्या एका शीटची बेरीज शून्यच येते.
– शिरपूर

उत्तर : वजन '१२ क्विंटल' असं लिहिलेलं असणार. तो मजकूर झाला, आणि सम मजकूर गुपचूप वगळतं. कंट्रोल-एच दाबून ' क्विंटल' च्या जागी रिकामं ठेवा. तरी आकडे डावीकडेच चिकटून राहिले, तर कॉलम निवडून सेलचा फॉरमॅट 'जनरल' करा, मग डेटा, टेक्स्ट टू कॉलम्स, फिनिश. एकक दिसायला हवंच असेल, तर फॉरमॅट सेल्समध्ये कस्टम : ०.००" क्विंटल".

प्रश्न : =सम('आरंभ:अखेर'!ई२) हे सूत्र गुगल शीट्समध्ये का चालत नाही?
– अमळनेर

उत्तर : तिथे ही सोयच नाही. =सम('एप्रिल'!ई२,'मे'!ई२,…) अशी एकेक शीट लिहावी लागते.