शेजारच्या परड्यातला माड आणि तुमचा गोठा

प्रश्न : शेजाऱ्यांचा जुना माड आमच्या गोठ्याकडे झुकला आहे, खोडाला भोकंही आहेत. ते तोडत नाहीत, आम्हाला तोडू देत नाहीत. तणनाशक ओतून वाळवावा का?

उत्तर : माड वाकला म्हणजे पडणारच असं नाही. उजेडाकडे झुकलेले माड आपल्या किनाऱ्यावर वर्षानुवर्षं उभे आहेत. मला काळजी वाटते ती भोकांची. त्यातून तांबूस चिकट द्रव ओघळत असेल, चघळलेल्या तंतूंचा भुसा बाहेर येत असेल, तर तो सोंड्या भुंगा. त्याच्या अळ्या खोड आतून पोखरतात, आणि माडाच्या खोडाची जखम आंब्या-फणसासारखी भरून येत नाही. झुकावाच्या उलट बाजूला बुंध्याशी माती उचलली गेली असेल, तर मात्र पावसाळ्याची वाट बघू नका.

शेजाऱ्यांशी बोलताना गोठ्याचं नंतर काढा, आधी किडीचं काढा. यातले भुंगे त्यांच्याच इतर माडांवर जाणार आहेत. सहायक कृषी अधिकाऱ्यांना (पूर्वीचे कृषी सहायक) दोघांच्या समोर पाहणी करायला लावा. तोडायचं ठरलं तर मजुरी निम्मी तुम्ही द्या (राग येईल, पण कौलांपेक्षा स्वस्त पडते) आणि खोड फोडून अळ्यांसकट जाळा.

तरीही ऐकलं नाही तर फोटो जोडून लेखी कळवा, पोच घ्या, एक प्रत ग्रामपंचायतीला द्या. उद्या माड कोसळला की 'वादळानं पडला, आमचा काय दोष' हे ठरलेलं उत्तर येतं. धोका आधी कळवल्याचा कागद असेल तर ते टिकणं अवघड. पुढचा अर्ज प्रांत कार्यालयात करा. पडून आसपासच्या किंवा येणाऱ्या-जाणाऱ्या माणसांना इजा होईल असं झाड काढायचा वा त्याला आधार द्यायचा आदेश भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, 2023 च्या कलम 152 खाली निघू शकतो. हेच पूर्वीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम 133. अर्जात गोठ्यात रोज कोण वावरतं ते लिहा. नुसती सावली किंवा झावळ्यांचा कचरा यासाठी हे कलम नाही. ते भांडण दिवाणी कोर्टाचं, आणि खरं तर तंटामुक्ती समितीतच मिटावं असं.

माड 1964 च्या झाडे तोडण्याच्या कायद्याच्या अनुसूचीत नाही. आंबा, फणस, चिंच, जांभूळ, साग आहेत; ती तोडायला मालकालाही परवानगी लागते. तिथे शेजाऱ्यांनी उशीर केला तर लगेच आडमुठे ठरवू नका. नगरपंचायत, नगरपालिका हद्दीत 1975 चा वेगळा कायदा आहे.

झाड नेमकं गडग्यावर (हद्दीच्या दगडी बांधावर) असेल तर आधी भूमी अभिलेखकडून मोजणी करून घ्या.

तणनाशक अजिबात नको. झाड त्यांचं, गुन्हा तुमच्यावर दाखल होईल. शिवाय मेलेल्या माडावर पाडेली (नारळ पाडणारा) चढायला तयार होत नाही. मग दोर बांधून शेंड्यापासून तुकड्या-तुकड्यानं तो उतरवणार कोण?